लवकर वयात येणाऱ्या मुलांची इंजेक्शनं: हिशेब पूर्ण उपचाराचा करा

"इंजेक्शन केवढ्याला पडतं?" पहिल्याच भेटीत पालक हे विचारतात, आणि ते रास्तच आहे. पण मिळालेल्या आकड्यावर घरी जे गणित मांडलं जातं ते पुष्कळदा तोकडं पडतं. लवकर वयात येण्यावरचा उपचार दोन-तीन, कधी चार वर्षं चालतो आणि ठरलेल्या तारखांना न चुकता द्यावा लागतो. वर्ष-सव्वा वर्षानंतर पैशाची ओढाताण सुरू होते, एक तारीख पुढे जाते, मग दुसरी. म्हणून पहिलं इंजेक्शन टोचण्यापूर्वीच सगळ्या उपचाराचा खर्च कागदावर मांडावा, असा माझा आग्रह आहे.

त्याआधीचा प्रश्न असा की उपचार लागणारच आहे का? मुलीची छाती आठ वर्षांच्या आत वाढू लागली किंवा मुलाच्या वृषणांची वाढ नऊ वर्षांच्या आत सुरू झाली, तर तपासणी हवीच. लॉकडाऊनच्या काळात असे रुग्ण वाढल्याचं पुण्यातल्या डॉक्टरांनी नोंदवलं, तसंच इटलीतल्याही. पण तपासणीला आलेल्या प्रत्येक मुलीला इंजेक्शन लागत नाही. नुसती छाती किंचित वाढून तिथेच थांबणं, नुसते काखेत केस येणं, किंवा सात-साडेसातला सुरू होऊन संथपणे पुढे सरकणं, यांत तीन ते सहा महिने उंची मोजत थांबणं हाच पुष्कळदा योग्य निर्णय असतो. 2009 साली युरोप-अमेरिकेतल्या बालहार्मोनतज्ज्ञांनी एकत्रित मत मांडलं, त्यातही उंचीचा फायदा निर्विवाद ठरला तो सहा वर्षांखालच्या मुलींबाबतच. आठनंतर सुरू केलेल्या उपचारातून उंचीची फारशी कमाई होत नाही. तेव्हा "माझ्या मुलीला यातून नेमका काय फायदा होईल, उंचीचा की पाळी पुढे ढकलण्याचा?" असं डॉक्टरांना सरळ विचारा. इथे वाचणारा पैसा सगळ्यात मोठा असतो.

तपासण्यांबद्दल थोडक्यात. डाव्या हाताचा एक्स-रे हाडांचं वय सांगतो आणि तो स्वस्त असतो. एलएच हार्मोनची रक्ततपासणी, गरज पडल्यास एक छोटं इंजेक्शन देऊन ठरावीक अंतराने पुन्हा रक्त, थायरॉइड आणि मुलींसाठी पोटाची सोनोग्राफी एवढं लागतं. मोठा खर्च मेंदूच्या एमआरआयचा. सगळ्या मुलग्यांना आणि सहा वर्षांच्या आतल्या मुलींना तो टाळू नये. सहा ते आठमधल्या मुलींबाबत मात्र डॉक्टरांशी बोलून ठरवता येतो. सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयात तो खासगी सेंटरपेक्षा बराच कमी पैशांत होतो, थोडे दिवस थांबावं लागतं इतकंच.

आता मुख्य खर्च. आपल्याकडे ल्युप्रोलाइड आणि ट्रिप्टोरेलिन ही दोन औषधं मुख्यतः वापरली जातात. दोन्ही 'डेपो' रूपात, म्हणजे एकदा स्नायूत टोचलं की औषध हळूहळू झिरपत राहतं. 3.75 मिलिग्रॅमचं साधारण महिन्याला, 11.25 मिलिग्रॅमचं तीन महिन्यांनी. सहा महिन्यांचं ट्रिप्टोरेलिनही निघालं आहे. अमेरिकेत त्याला 2017 साली या आजारासाठी परवानगी मिळाली.

महिन्याचं इंजेक्शन खरं तर 28 दिवसांनी द्यायचं असतं. म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा. हे तेरावं इंजेक्शन घरच्या हिशेबात कधीच नसतं, आणि "दर महिन्याच्या पाच तारखेला" असं धरून चालणाऱ्या घरांत प्रत्येक खेपेस दोन-तीन दिवस मागे पडत जातात. तिमाही इंजेक्शन 12 आठवड्यांनी धरलं तर वर्षाला चार किंवा पाच होतात.

उदाहरणासाठी चार वर्षं आणि गोल आकडे धरू. हे बाजारभाव नव्हेत, तुमच्या दुकानदाराचा भाव यात घाला. समजा मासिक इंजेक्शन 4,000 रुपयांना आणि तिमाही 12,000 रुपयांना मिळतं. दोघांचा एसटीचा प्रवास, डॉक्टरांची फी, टोचणावळ, बाहेरचं जेवण आणि बुडालेला रोज मिळून एका खेपेला 1,500 रुपये. मासिकाची 52 इंजेक्शनं होतात, प्रत्येकी 5,500 प्रमाणे 2,86,000 रुपये. तिमाहीची 18, प्रत्येकी 13,500 प्रमाणे 2,43,000 रुपये. औषधाचा दर महिन्याला सारखाच धरूनही 43,000 रुपयांचा फरक पडला, तो सगळा खेपांचा. साताऱ्याहून किंवा नगरहून पुण्याला जाणाऱ्या कुटुंबासाठी हा फरक आणखी वाढतो. दुसऱ्या बाजूला, एकदम 12,000 रुपये उभे करणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी मासिक हाच खरा पर्याय असतो, आणि त्यांनी त्याबद्दल संकोच करू नये. डॉक्टरांनी तुमच्या गावातल्या बालरोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली, तर इंजेक्शन तिथे टोचून घेता येतं आणि शहरातली फेरी तीन ते सहा महिन्यांवर जाते. या चिठ्ठीची मागणी पालकांनी स्वतःहून करायला हवी.

माझं मत विचाराल तर, तुमच्या घराला जी तारीख हमखास पाळता येईल तेच इंजेक्शन स्वस्त. 28 आणि 84 या दोन्ही आकड्यांना सातने भाग जातो, त्यामुळे पहिलं इंजेक्शन ज्या वारी, त्याच वारी पुढची सगळी. एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी असेल तर सुरुवात गुरुवारी करा. भिंतीवरच्या कालनिर्णयवर वर्षभराच्या तारखांना एका बैठकीत लाल गोल करा. कोणता गोल मे महिन्यात आजोळी असताना येतो, कोणता गणपतीत, कोणता परीक्षेत, ते तेव्हाच दिसेल आणि डॉक्टरांना आधीच विचारता येईल. साधारणपणे तारीख थोडी अलीकडे घेणं हे पुढे ढकलण्यापेक्षा बरं.

तारीख हुकल्याने नेमकं काय होतं? मेंदूतून निघणारा संदेश पिच्युटरी ग्रंथीला थांबून थांबून मिळाला तर ती जागी राहते, अखंड मिळाला तर सुस्तावते. हे औषध तो संदेश अखंड देत राहतं. त्याची पातळी उतरली की ग्रंथी पुन्हा कामाला लागते, हाडांचं वय पळू लागतं, छाती वाढते, कधी पाळी येते. पुन्हा औषध दिल्यावर पहिल्या काही आठवड्यांत लक्षणं उलट थोडी वाढू शकतात, जशी पहिल्या डोसनंतर वाढतात. म्हणजे हुकलेल्या एका डोसमुळे वाचलेले 4,000 रुपये जादा तपासण्यांत जातातच, आणि जेवढं हाडाचं वय पुढे गेलं ते मागे आणता येत नाही. याचा खर्च रुपयांत मांडता येत नाही म्हणून तो विसरला जातो. तारीख हुकलीच तर "आता पुढच्या महिन्यातच घेऊ" असं करू नका. मिळेल त्या पहिल्या दिवशी घ्या, डॉक्टरांना नेमके किती दिवस झाले ते सांगा आणि पुढची तारीख त्यांच्याकडून घ्या. दुप्पट डोस कधीच घ्यायचा नाही.

खरेदी करताना

सप्टेंबर 2022 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत ल्युप्रोलाइड आलं. यादीतल्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवतं, आणि 'फार्मा सही दाम' या सरकारी अ‍ॅपवर ती पाहता येते. छापील किंमत ही कमाल असते, त्याखाली कितीही विकता येतं. रुग्णालयाच्या आवारातल्या दुकानात बहुधा पूर्ण छापील किंमत लागते. पुण्यात सदाशिव पेठ, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीट या घाऊक औषधांच्या बाजारांत त्याच कंपनीचं तेच औषध कमी भावात मिळू शकतं. काही सरकारी रुग्णालयांच्या आवारात 'अमृत' दुकानं असतात. कॅन्सरची औषधं तिथे सवलतीत मिळतात, आणि ल्युप्रोलाइड प्रोस्टेटच्या कॅन्सरवरही वापरलं जात असल्याने तिथे विचारून पाहावं. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, बिलात तो बघा.

खोक्यावर 'डेपो' हा शब्द आहे ना, हे दुकानातच पाहा. याच औषधाचं रोज घ्यायचं साधं इंजेक्शन वंध्यत्वाच्या उपचारांत वापरतात. ते चुकून हाती आलं तर महिनाभर काहीच काम होणार नाही. साठवण कंपनीगणिक वेगळी असते, काही फ्रिजमध्ये ठेवायची, काही बाहेर चालतात, म्हणून खोका वाचा. थंड ठेवायचं असेल तर प्रवासात थर्मासमध्ये न्या, पण बर्फाला थेट चिकटू देऊ नका. मोठी कुपी तीन भागांत वाटून पैसे वाचवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. त्या पावडरीची रचनाच ठरावीक मुदतीची असते.

टोचणाऱ्या नर्सला हे औषध नवं असू शकतं. पावडर सोबतच्याच द्रावणात नीट मिसळून लगेच द्यावी लागते. थांबलं तर ती तळाशी बसते, सुई अडते आणि निम्मा डोस सिरिंजमध्ये राहतो. असं झालं तर लाजू नका, जागेवरच डॉक्टरांना सांगा, कारण तो अर्धवट डोस हुकलेल्या डोसमध्येच मोडतो. बॅच क्रमांकाची पट्टी वहीत चिकटवून ठेवा.

मदत कुठे मिळेल

आरोग्य विमा साधारणपणे रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होतो, आणि हे इंजेक्शन बाह्यरुग्ण विभागात दिलं जातं, त्यामुळे तिथून फार आशा धरू नये. पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्चाचं कलम असेल तर दावा जरूर करा. महाराष्ट्रात मात्र एक हक्काची वाट आहे. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालच्या धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार रुपये. या रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी वेगळा निधीही असतो. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन समाजसेवा विभागात जा. इंजेक्शनांची एकूण संख्या आणि अंदाजे खर्च डॉक्टरांच्या सहीने लिहून न्या. एका डोससाठी हात पसरण्यापेक्षा पूर्ण उपचाराचा कागद समोर ठेवला की समाजसेवकालाही दाते जोडून देणं सोपं जातं.

पैसा असूनही उपचार सुटतो, त्याची कारणं घरातली असतात. खोक्यातल्या माहितीपत्रकात प्रोस्टेटच्या कॅन्सरचा उल्लेख असतो. काका तो वाचतात आणि "पोरीला कॅन्सरचं इंजेक्शन देताय?" असं विचारतात. आजीला वाटतं, निसर्गाला अडवून पुढे मूल होणार नाही. पहिल्या डोसनंतर थोडा रक्तस्राव झाला तर सगळ्यांचाच धीर सुटतो, आणि तो होऊ शकतो हे कुणी आधी सांगितलेलं नसतं. आजीला एकदा डॉक्टरांसमोर बसवा. औषध थांबवल्यावर साधारण वर्ष-दीड वर्षात पाळी सुरू होते, आणि आजवर पाहिलेल्या मुलींत पुढे मूल होण्यात अडचण आढळलेली नाही. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की आजीच पुढे तारखांची आठवण करू लागते.

आणि मुलगी? तिचं दुखणं खरं आहे. तासभर आधी लावायचं बधिर करणारं मलम थोड्या पैशांत मिळतं, टोचणी नक्की सुसह्य होते. ती सात वर्षांची असली तरी तिला कारण सांगा: तुझं शरीर घाई करतंय, त्याला जरा थांबवतोय. शाळेत कुणाला काय सांगायचं हे तिला ठरवू द्या. फसवून नेलेलं मूल दुसऱ्या वेळी दवाखान्याच्या दारात बसकण मारतं, आणि मग बापाची सुट्टी आणि एसटीचं भाडं दोन्ही वाया जातात.

उपचार चालू असताना दर तीन ते सहा महिन्यांनी उंची, वजन आणि तपासणी, दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने हाताचा एक्स-रे, एवढा खर्च धरून ठेवा. थांबवण्याचं वय आधी दगडावर कोरलेलं नसतं. मुलींत बहुधा अकराच्या आसपास, हाडांचं वय, उंची आणि मुलीची तयारी पाहून ते ठरतं. पैसे संपत आले असतील तर तारीख चुकवण्याआधी डॉक्टरांना सांगा. साडेदहाला विचारपूर्वक थांबवणं बऱ्याच मुलींना चालण्यासारखं असतं, आठव्या वर्षी पाच महिने घेऊन तीन महिने सोडणं मात्र नाही. थांबवल्यानंतरही पाळी नियमित होईपर्यंत दर सहा महिन्यांनी एक भेट ठेवा. त्या भेटीला डॉक्टरांच्या फीपलीकडे फारसा खर्च नसतो.