मिस्त्रींची तार

माळशिरस,
आषाढ शुद्ध सप्तमी

चि. सोनू,

पालखी आज सकाळी वेळापूरच्या वाटेला लागली. दोन दिवस घरात वारकऱ्यांचा राबता होता, म्हणून पत्राला उशीर झाला. परवा फोनवर तू म्हणालीस, एक्स्पर्ट सिस्टीम आणि फझी लॉजिक आता जुनं झालं, सगळे न्यूरल नेटवर्कच करतात, जुन्या प्रश्नपत्रिका बघून हा पेपर काढून टाकते. ते माझ्या मनाला लागून राहिलं. मे महिन्यात तू इथे विसरलेलं याच विषयाचं पुस्तक मी रोज पहाटे थोडं थोडं वाचत होतो. गणितं सगळी उमगली नाहीत, पण विषय मला फार ओळखीचा वाटला.

तुला ठाऊकच आहे, मी साखर कारखान्यात 31 वर्षं पॅनवर काढली. पॅनमध्ये सिरप निर्वातात उकळतं. त्यात दाणा धरायचा आणि तो सारखा वाढवायचा, एवढंच ते काम. पण सिरप फार दाट झालं तर मधेच नवा बारीक, खोटा दाणा उठतो आणि फार पातळ झालं तर धरलेला दाणा विरघळतो. मला शिकवणारे मिस्त्री प्रूफ स्टिकने नमुना काढायचे, काचेवर पसरून दिव्यापुढे धरायचे, मग अंगठा आणि तर्जनीच्या मधे घेऊन तार ओढायचे. "अजून कच्चं आहे," म्हणायचे. नाहीतर "जरा पाणी दे." जरा म्हणजे किती, हे मला कळायला चार हंगाम लागले.

एकदा एका कंपनीचे इंजिनियर हेच ज्ञान संगणकात भरायला आले. मिस्त्रींना समोर बसवून त्यांनी दोन दिवस प्रश्न विचारले: तापमान अमुक असेल तर काय करता, व्हॅक्यूम उतरला तर काय करता. मिस्त्रींनी विचारलं तेवढं सांगितलं. यंत्रणा पंधरा दिवस छान चालली. मग तोडणी करून तीन-तीन दिवस यार्डात पडलेला ऊस यायला लागला आणि सगळं फिसकटलं. शिळ्या उसाचा रस चिकट होतो, दाणा लांबट होतो, साखर मळीतून सुटता सुटत नाही. मिस्त्रींना हे माहीत नव्हतं असं नाही. ते रोज पाळीवर येताना गव्हाणीवरून चक्कर मारून ऊस बघून यायचे आणि त्यावरून रात्रभराचा हात ठरवायचे. पण ही चक्कर म्हणजे आपल्या कामाचा भाग आहे असं त्यांना स्वतःलाच वाटत नव्हतं. त्यामुळे ती सांगितली गेली नाही आणि नियमांतही आली नाही.

तुझ्या पुस्तकात ज्ञानसंपादनाचं प्रकरण आहे ना, तू ज्याच्यावर पेन्सिलने 'स्किप' लिहिलं आहेस, ते याच अडचणीबद्दल आहे. ते पुन्हा उघड. त्याच प्रकरणाआधी मायसिन या एक्स्पर्ट सिस्टीमची गोष्ट आहे. 1970 च्या दशकात स्टॅनफर्डला एडवर्ड शॉर्टलिफ यांनी ती सिस्टीम तयार केली. रक्तातल्या संसर्गाचं निदान ती सुमारे 600 नियमांवरून करायची. मला सर्वांत आवडलं ते हे की, 'हा प्रश्न मला का विचारतेस' असं डॉक्टरने विचारलं की ती आपला नियम उघडून दाखवायची. आपल्याकडेही जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत 'विद्वान' नावाचं, नियम भरण्याचं रिकामं घर तयार झालं होतं. विचारल्यावर कारण सांगता येणं ही गोष्ट जुनी कशी होईल, सोनू?

फझी लॉजिकला तू वरवरचं म्हणालीस. आता सांग, वापसा म्हणजे काय? पाऊस पडून गेला की आजोबा मूठभर माती दाबून बघायचे. गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारल्यावर फुटला की म्हणायचे, "आला वापसा." काल दुपारी वापसा नव्हता आणि आज सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी आला, असं कधी होत नाही. तो हळूहळू येतो. लोत्फी झादे यांनी 1965 साली जे मांडलं ते हेच: एखादी गोष्ट संचात थोडी असते, बरीच असते, पूर्ण असते. इथे एक चूक करू नकोस, परीक्षेत हमखास होते. वापसा 0.7 आहे याचा अर्थ वापसा असण्याची शक्यता 70 टक्के आहे, असा नाही. शक्यता कशाबद्दल असते? अजून ठाऊक नसलेल्या गोष्टीबद्दल. इथे माती तर हातातच आहे.

टांझानियात जन्मलेले आणि भारतात शिकलेले इब्राहिम ममदानी लंडनला प्राध्यापक झाले. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्याने एका लहान वाफेच्या इंजिनावर माणसाच्या तोंडचे असे फझी नियम चालवून दाखवले, तो निबंध 1975 सालचा. 1987 मध्ये जपानच्या सेंदाई शहरातली भुयारी रेल्वे याच पद्धतीने थांबायला आणि सुटायला लागली. आमचं "जरा पाणी दे" आणि त्यांचे नियम यांत मला काही अंतर दिसलं नाही.

राहिलं न्यूरल नेटवर्क. बोटाला कळणारी पण तोंडाने न सांगता येणारी तार, ती उदाहरणांवरून शिकवण्याचा हा मार्ग. तू म्हणतेस तसं त्याचं राज्य आहे, मान्य. पण 1969 साली मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी पर्सेप्ट्रॉनच्या, म्हणजे एका थराच्या जाळ्याच्या, मर्यादा दाखवल्या, तेव्हा हाच विषय लोकांनी मोडीत काढला होता. 1986 साली रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या निबंधाने तो पुन्हा उभा राहिला आणि 2024 चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्या दोघांना मिळालं त्यांत हिंटन आहेत. माझं एक ऐक: तयार लायब्ररी वापरायच्या आधी एक्सॉरचं गणित हाताने सोडव. आपल्या जिन्यातल्या दिव्याची दोन बटणं म्हणजे एक्सॉरच. चार बिंदू कागदावर मांड आणि एका सरळ रेषेने ते वेगळे कर. होणार नाहीत. मधे दोन पेशींचा थर घाल, वजनं स्वतः ठरव, आणि चारही उत्तरं जुळेपर्यंत उठू नकोस. एक दुपार जाईल, जाऊ दे.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टला बरोबर घेऊन उसाच्या शेतात हे तंत्र आणलं आहे. उपग्रहाची चित्रं, जमिनीतले सेन्सर, सगळं. प्रयत्न मोलाचा आहे. पण नीरा कालव्याच्या पाण्यावरच्या उसावर शिकलेलं जाळं पिलीवकडच्या माळावर तसंच बोलेल का, हे कुणीतरी बांधावर उभं राहून पाहायला हवं. प्रोजेक्टला विषय सापडत नाही म्हणालीस ना, हा घे. नाहीतर पॅनचा घे. कुणाचं तयार प्रोजेक्ट विकत आणू नकोस, एवढी माझी विनंती समज.

दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस इकडे ये. गाळप सुरू झालेलं असेल तर एका रात्रपाळीला मी तुला पॅनवर नेतो, आधी व्यवस्थापकांची परवानगी काढून ठेवतो. मिस्त्री आता थकलेत, घरीच असतात. चार वाजता चहा झाला की बोलायला बसतात. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, तेव्हा उजव्या बाजूला बस, आणि पहिल्या दिवशी काही विचारू नकोस.

तुझा,
मामा