"कशावरून?"

प्रॅक्टिकलला रीडिंग जरा इकडेतिकडे गेलं की सर लगेच विचारतात, "कशावरून?" पण आपल्या डोक्यात पक्क्या बसलेल्या समजुतींना हा प्रश्न आपण कधी विचारतो का?

उदाहरण आपल्या पिंपरीतलंच घेऊ. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ साली इथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, म्हणजे आपली एचए कंपनी, स्थापन झाली. १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागलं. आणि त्याच पिंपरीत आजही सर्रास ऐकू येतं, "सर्दी झाली? एक अँटिबायोटिक घे, चार दिवसांत बरा होशील." गंमत म्हणजे माणूस खरंच बरा होतो! मग समजूत खरीच ना?

थांबा. आधी तीन प्रश्न विचारू.

१) गोळी घेतली नसती तर? साधी सर्दी बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपोआप जाते. आपण गोळी घेतो ती त्रास अगदी वाढल्यावर. त्यानंतर उतार पडणारच होता. श्रेय मात्र गोळीला!

२) गोळी काम कशी करते? पेनिसिलिन जिवाणूंची पेशीभित्तिका नीट बनू देत नाही. सर्दी होते विषाणूंमुळे, आणि त्यांना पेशीभित्तिकाच नसते. मग गोळी करणार काय?

३) माझं चुकत असेल, तर ते मला कसं कळेल? हा सगळ्यात अवघड प्रश्न. गुण आला तर गोळीचा, नाही आला तर "पॉवर कमी पडली". गोळीविना बरे झालेले कोणी मोजतच नाही. अशी समजूत चुकीची ठरणार तरी कधी?

"असू दे ना चुकीची, बिघडलं काय?" बिघडतं. अँटिबायोटिक्स उगाच घेत राहिलं की औषधाला दाद न देणारे जिवाणू टिकतात, वाढतात. मग खरा न्यूमोनिया होतो तेव्हा तेच औषध लागू पडेनासं होतं. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच, औषध कमी मात्रेत घेतलं तर जिवाणू त्याला सरावतील, असा इशारा दिला होता. म्हणून गोळी हवी की नको, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आता हेच तीन प्रश्न परीक्षेच्या 'लकी' पेनला लावा. मशीनवरच्या लिंबू-मिरचीला लावा. "मुलींना मेकॅनिकल झेपत नाही", "मराठी मिडियमवाले इंटरव्ह्यूत मागे पडतात" यांनाही लावा. काही समजुती गळून पडतील. ज्या टिकतील, त्या का खऱ्या आहेत हे तरी आपल्याला सांगता येईल.