खारे पाणी आणि कलिंगडाची कोवळी रोपे

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व किनाऱ्यापासून पनवेलच्या खाडीपर्यंत व पुढे उरणपर्यंत पसरलेला पट्टा हा मुळात खार जमिनींचा आणि मिठागरांचा मुलूख होय. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईची उभारणी सुरू होऊन यातील पुष्कळ जमीन शहराखाली गेली. तथापि उरण व पनवेल तालुक्यांत आणि त्यांना लागून असलेल्या पेण-अलिबागकडे बांध व उघाड्यांच्या आश्रयाने भातशेती अद्याप टिकून आहे. भात निघाल्यावर ज्यांच्याजवळ विहीर किंवा शेततळे आहे, असे शेतकरी थोड्याफार क्षेत्रात कलिंगड अथवा खरबूज लावतात. शहर जवळ असल्यामुळे माल विकण्यास अडचण पडत नाही. अडचण असते ती पाण्याची, आणि तीही पाणी कमी पडण्याची नसून ते खारे होत जाण्याची.

या भागात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याने जमिनीच्या वरच्या थरातील क्षार धुतले जातात, व विहिरींचे पाणीही पावसाळ्याअखेर बरेच गोड असते. ऑक्टोबरनंतर उलटा व्यवहार सुरू होतो. उन्हाने वरची माती सुकू लागली की खालचे खारट पाणी केशाकर्षणाने वर चढते, हवेत उडून जाते आणि क्षार मागे ठेवते. खाडीलगतच्या विहिरीतून उपसा वाढला, तर गोड पाण्याची पातळी खाली जाऊन खाडीचे पाणी आत शिरते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणून वीस घागरी गोड पाण्यात असे एक घागर पाणी मिसळले, तरी त्या मिश्रणाच्या दर लिटरमध्ये दीड ग्रॅमहून अधिक क्षार येतात आणि त्याची विद्युतवाहकता अडीच डेसीसायमनच्या आसपास जाते. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९५४ साली केलेल्या व अद्यापही प्रचारात असलेल्या वर्गवारीत सव्वादोनच्या वरचे पाणी अत्यंत खारे धरले आहे. (जुन्या पुस्तकांत हेच आकडे ‘मिलिम्होज’ या नावाने आढळतात. आकडा तोच, नाव तेवढे बदलले.)

येथील शेतकऱ्यांचा खाऱ्या पाण्याशी परिचय भातामुळे आहे. काळा रता, भुरा रता यांसारख्या जुन्या जाती व पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने दिलेल्या पनवेल १, २ व ३ या जाती क्षार सहन करणाऱ्या म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यामुळे भाताला चालले ते कलिंगडालाही चालेल, असा समज सहज होतो. तो बरोबर नाही. भात पावसाच्या गोड पाण्यात उभे असते, तर कलिंगड जमीन खारवत जाण्याच्या काळात वाढते. शिवाय कलिंगड व खरबूज ही दोन्ही पिके क्षारांना मध्यम प्रमाणात हळवी गणली जातात. खरबुजाच्या बाबतीत मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता १ डेसीसायमनच्या वर गेली, की पुढील प्रत्येक अंकास उत्पन्नात सुमारे आठ टक्के घट येते, असा अंदाज दिला जातो.

खारेपणाचा परिणाम बियांवर कसा होतो, हे पाहण्यासारखे आहे. बी रुजण्यासाठी प्रथम ते पाणी शोषून फुगावे लागते. पाण्यात क्षार विरघळलेले असले म्हणजे ते पाणी क्षारांकडून ओढले जाते आणि बियाला ते मिळवणे कठीण पडते. माती ओली दिसते, परंतु बी तहानलेले राहते. त्यामुळे पहिला परिणाम होतो तो उगवण लांबण्याचा. चौथ्या-पाचव्या दिवशी दिसणारे कोंब आठव्या-दहाव्या दिवशी दिसू लागतात, व एका आळ्यातील रोपे मागेपुढे होतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री थंड असल्या तर ही दिरंगाई आणखी वाढते, कारण या बियांना रुजताना २५ ते ३० अंश सेल्सिअसची ऊब मानवते. उगवणीची टक्केवारी घसरते ती यानंतर, पाणी याहून खारे झाल्यावर.

नेमकी येथेच फसगत होते. पुष्कळ शेतकरी विहिरीच्या पाण्यात भिजवलेले २५ दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात, त्यांतील २० ते २२ दाण्यांना मोड आले की पाणी चालते असे ठरवतात आणि सगळी पेरणी करून मोकळे होतात. परंतु मोड येतो तो बियात साठवलेल्या अन्नावर. खरी परीक्षा त्यानंतरची. मूळ मातीत शिरून स्वतः पाणी घेऊ लागले म्हणजे सोडियम व क्लोराइड रोपाच्या अंगात जाऊ लागतात. मुळाचे टोक तपकिरी पडते, उपमुळे थोडी फुटतात, आणि दोन्ही बीजपत्रे जाड व गडद हिरवी होऊन तशीच बसून राहतात. अशक्त कोंब कित्येकदा बियाचे टरफल डोक्यावर घेऊनच वर येतो. मग पहिल्या खऱ्या पानाच्या कडा करपतात. रोप मरत नाही, पण वाढतही नाही. याला रोग समजून औषधे फवारण्यात पैसा घालवण्यापूर्वी बुंधा तपासावा. तो मातीलगत मऊ व पाणचट होऊन रोप आडवे झाले असेल तर ती बुरशीची मर समजावी. बुंधा ताठ, परंतु पानांच्या कडा वाळलेल्या असतील तर संशय पाण्याचा घ्यावा.

आळ्यात क्षार किती वेगाने साठतात, हे हिशेबाने ध्यानात येईल. २ डेसीसायमनच्या पाण्यात दर लिटरला सुमारे सव्वा ग्रॅम क्षार असतात. एका आळ्याला दिवसाआड पाच लिटर पाणी दिले, तर वीस दिवसांत ५० लिटर पाणी पडते व त्याबरोबर सुमारे ६४ ग्रॅम क्षार येतात, म्हणजे जवळजवळ मूठभर मीठ. पाणी उडून जाते. मीठ तेथेच राहते, आणि तेही मुख्यतः आळ्याच्या उंच कडेवर व वरंब्याच्या माथ्यावर, कारण ओलावा सुकताना तिकडे सरकतो. म्हणून बी माथ्यावर न टोकता उताराच्या मध्यावर, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर टोकावे. आळ्यावर भाताचा पेंढा अंथरल्यास बाष्पीभवन कमी होऊन क्षार वर येण्यास आळा बसतो. पेंढा घरचाच असतो, तेव्हा हा उपाय प्रत्येकाने करावा. पेरताना आळ्यात रासायनिक खत घालू नये. खत हेही मीठच आहे, व पोटॅशसाठी वापरले जाणारे म्युरिएट तर क्लोराइडच. कुजलेले शेणखत मात्र भरपूर द्यावे.

रोप मोठे होऊन मुळे खोल गेली म्हणजे त्याची सहनशक्ती वाढते. तेव्हा जवळ असलेले थोडे गोड पाणी सर्व हंगामभर मिसळून वापरण्यापेक्षा ते सुरुवातीच्या दिवसांसाठी राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे. २ मीटर बाय १ मीटर अंतराने एका गुंठ्यात सुमारे ५० आळी बसतात. दहा गुंठ्यांतील ५०० आळ्यांना पेरणीपासून पहिले पंधरा दिवस दिवसाआड एक लिटर याप्रमाणे दिले, तर प्रत्येकी ८ लिटर, म्हणजे एकूण ४,००० लिटर पाणी लागते. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद व एक मीटर खोल अशा टाकीत ते मावते. पावसाचे पाणी एवढ्यापुरते साठवणे लहान शेतकऱ्यालाही अशक्य नाही. एवढेही नसेल, तर प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये रोपे वाढवून दोन पानांवर आल्यावर, मुळे न दुखावता लावावीत. त्यास दररोज काही बादल्या गोड पाणी पुरते. मात्र ट्रेसाठी घेतलेला नारळाचा भुसा धुतलेला आहे याची खात्री करावी; न धुतलेल्या भुशात स्वतःचेच क्षार असतात. लावणीनंतरही पहिला आठवडा गोडच पाणी द्यावे.

पेरणी शक्यतो नोव्हेंबरात उरकावी. उगवण फसली म्हणून पुन्हा पेरणाऱ्याचे केवळ बियाण्याचे पैसे जात नाहीत. तो पंधरवडा मागे पडतो आणि त्याची कोवळी रोपे पहिल्यापेक्षा खाऱ्या पाण्यावर व खाऱ्या जमिनीवर येतात. म्हणून दुबार पेरणीपूर्वी पाण्याची वाहकता पुन्हा मोजून घ्यावी. रोज तेच पाणी पिणाऱ्याच्या जिभेवर विसंबू नये. पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत, पंप काही वेळ चालवून मग घ्यावा, आणि पेरणीच्या वेळी एकदा व त्यानंतर दरमहा एकदा तपासावा.

ठिबक वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. ठिबकाखालचा ओला गोळा गोड राहतो व क्षार त्याच्या कडेला साठतात. मध्येच अवकाळी पावसाची हलकी सर आली, तर ते मीठ धुऊन थेट मुळांकडे येते. अशा वेळी पाऊस आला म्हणून ठिबक बंद करण्याचा मोह होतो. तो टाळून, सर थांबेपर्यंत व त्यानंतरही काही वेळ ठिबक चालूच ठेवावे.