पाणी कोणाच्या वाट्याचं? अन्नसुरक्षेचं साधं गणित

मंडळी, यंदाचा मदतनिधी कोरडवाहू गावांतल्या शेतीसाठी द्यायचं ठरलं, तेव्हा कार्यकारिणीने या स्मरणिकेसाठी थोडा अभ्यास करून लिही असं सांगितलं. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. शेतीतला तज्ज्ञ असल्याचा आव आणणार नाही. पण आकडे मांडून बघायची सवय आहे, आणि या विषयात ती बऱ्यापैकी उपयोगी पडते. आपण चेक लिहिणार आहोत, तर तो नक्की कशासाठी लिहितोय ते आधी समजून घेऊ या.

अन्नसुरक्षा म्हणजे काय?

गोदामं भरली की अन्नसुरक्षा झाली, असं आपल्याला सहज वाटतं. १९९६ साली रोमच्या जागतिक अन्न परिषदेत मांडलेली व्याख्या याच्या बरीच पुढे जाते. प्रत्येकाला, कायम, पुरेसं आणि पोषक अन्न मिळालं पाहिजे, आणि ते मिळवण्याची ऐपतही असली पाहिजे. म्हणजे बाजारात धान्य असून खिशात पैसे नसतील, तर ते घर सुरक्षित नाही.

आपल्या राज्याने हे १९७२च्या दुष्काळात पाहिलं. घरातल्या मोठ्यांना विचारलंत तर सुकडी, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि खडी फोडण्याची कामं या तिन्ही गोष्टी त्यांना आठवतील. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. यात शेतमजुरांबरोबर जमीन असलेले शेतकरीही होते. जमीन होती, पण पाणी नव्हतं. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. आज २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यामुळे पात्र कुटुंबांना माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं. हा मोठाच आधार आहे. पण रेशनच्या धान्याने चूल पेटते, शेत पिकत नाही. शेत पिकायचं तर पाण्याकडे वळायला हवं.

थोडं गणित

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. आता ५०० मिमी पाऊस पडणारं एखादं कोरडवाहू गाव घ्या. तिथे एका एकरावर वर्षाला २० लाख लिटर पाणी पडतं! आकडा ऐकून बरं वाटतं. पण हा पाऊस थोड्याच दिवसांत कोसळतो. उतार उघडा असेल तर बरंचसं पाणी वाहून जातं, आणि जाताना वरची चांगली मातीही घेऊन जातं.

आता खर्चाची बाजू. ज्वारीला साधारण ४५० ते ६५० मिमी पाणी लागतं, उसाला १,५०० ते २,५००. मधला आकडा धरला तर एकरभर उसाला ८० लाख लिटर. म्हणजे चार एकरांवर पडलेला सगळा पाऊस एका एकराच्या उसाला! जो पाऊस आपल्या शेतावर पडलाच नाही, तो कुठून तरी आणावा लागतो; धरणातून, किंवा शेजाऱ्याच्याही विहिरीला पुरवणाऱ्या भूजलातून.

म्हणून ऊस लावणाऱ्याला नावं ठेवायची का? मुळीच नाही. आपल्यापैकी कित्येकांचं इंजिनिअरिंग घरच्या उसाच्या बिलावर झालंय. उसाला कारखाना आहे आणि ठरलेला दर आहे. ज्वारी-बाजरीला सरकार हमीभाव जाहीर करतं, पण त्या भावाने खरेदी फार थोडी होते. शेतकरी हिशेबानेच वागतो. फक्त त्या हिशेबात पाण्याची किंमत कुठेच धरलेली नसते.

नायगावचा प्रयोग

हा हिशेब बदलून दाखवणारा माणूस इंजिनिअर होता, याचा मला व्यवसायबंधू म्हणून अभिमान वाटतो. विलासराव साळुंखे यांचा पुण्यात अचूक मोजमापाची उपकरणं बनवणारा कारखाना होता. १९७२च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातली दुष्काळी कामं पाहून ते अस्वस्थ झाले. १९७४ साली त्यांनी नायगावच्या देवस्थानाची ४० एकर उजाड, उताराची जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि तिथेच राहून काम सुरू केलं.

काम 'माथा ते पायथा' या पद्धतीचं. आधी वरच्या उतारावर बांधबंदिस्ती, मग खाली पाझर तलाव, त्याच्या खाली विहीर, आणि विहिरीतून पाणी उचलून पुन्हा वरच्या शेतांना. आपल्याकडचा काळा कातळ पाणी फार साठवत नाही. जे काही मुरतं ते मुरूम आणि भेगांमध्ये. त्यामुळे पाणी वरच्या वर धावू न देता त्याला मुरायला वेळ द्यायचा, हे यातलं तत्त्व.

पण बंधारे पुष्कळांनी बांधले. साळुंख्यांचं वेगळेपण पाणी अडवल्यानंतरच्या नियमांत आहे. त्यांच्या 'पाणी पंचायती'चे नियम असे:

१. पाण्याची योजना एकट्यादुकट्याची नाही, गटाचीच.
२. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर.
३. भूमिहीनालाही पाण्यात हक्क.
४. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही.
५. ऊस लावायचा नाही.
६. खर्चाचा २० टक्के वाटा लाभार्थींनी स्वतः उचलायचा.

पाणी वाटायला गटाने नेमलेला पाटकरी. चार एकरवाला आणि चाळीस एकरवाला दोघांनाही तोच नियम! साळुंखे २००२ साली गेले. सगळ्याच योजना टिकल्या असं नाही, काही बंद पडल्या. पण पाणी ही गावाची सामाईक मालमत्ता आहे, हा विचार त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवला.

हिवरे बाजार आणि कॅन्सस

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार बहुतेकांना माहीत आहे. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर १९९०च्या दशकात गावाने श्रमदानातून पाणलोटाचं काम केलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, असंही ठरवलं. दरवर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची. आपण महिन्याचं बजेट करतो, तसंच हे. १९९५ साली तिथे दारिद्र्यरेषेखाली १६८ कुटुंबं होती, २०१० मध्ये तीन उरली. पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

हे फक्त आपल्याकडचंच नाही बरं का. इथे अमेरिकेत, पश्चिम कॅन्ससमध्ये ओगलाला नावाचा भूजलसाठा वर्षानुवर्षं उपशाने खाली चाललाय. तिथल्या शेरिडन भागातल्या शेतकऱ्यांनी २०१३ पासून आपणहून उपसा सुमारे २० टक्के कमी करायचं ठरवलं: पाच वर्षांत ५५ इंच पाणी, त्याहून जास्त नाही. काहींनी मक्याऐवजी कमी पाण्याची ज्वारी घेतली. मोठे ट्रॅक्टर आणि संगणकावर चालणारे पंप असले, तरी शेवटी शेजाऱ्यांना एकत्र बसून नियम करावाच लागला.

चेक लिहिण्यापूर्वी

आपल्याकडे मदतीसाठी प्रस्ताव येतात तेव्हा 'दहा बोअर पाडून द्या' हे फार सोपं वाटतं. फोटो छान येतो, नावाची पाटीही लागते. पण मुरवण्याची सोय न करता दहा नवी बोअर म्हणजे त्याच ग्लासात दहा स्ट्रॉ. ज्याची नळी खोल, त्यालाच पाणी. म्हणून माझी विनंती, प्रत्येक प्रस्तावाला हे चार प्रश्न विचारू या:

• पाणी अडवणार, मुरवणार आहात की नुसतं उपसणार?
• कोणाला किती पाणी, हे ग्रामसभेत ठरलंय का? भूमिहीनांचं काय?
• गाव स्वतः किती वाटा उचलतंय, पैशाने किंवा श्रमदानाने?
• तीन वर्षांनी तलावातला गाळ कोण काढणार, आणि विहिरींची पातळी कोण मोजत राहणार?

या चारही प्रश्नांची उत्तरं देणारं गाव मिळायला कदाचित वेळ लागेल. थांबू या, पण योग्य ठिकाणीच देऊ या. आणि ज्यांची गावाकडे अजून शेती आहे, त्यांनी पुढच्या रविवारी घरी फोन कराल तेव्हा भावाला किंवा काकांना एवढंच विचारा, 'विहिरीला किती हात पाणी आहे, आणि शेजारच्या विहिरीला?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांना माहीत असेल, तर त्या गावात पाण्याचं बोलणं सुरू झालंय असं समजा.

मदतीचा अर्ज शेवटच्या पानावर आहे. रक्कम लहान असली तरी चालेल, प्रश्न मात्र जरूर विचारा.