नवे ब्रेक पॅड टाकले, तरी टेम्पो किंचाळतो का?



भाजी, पापड, मसाले घेऊन बदलापूर गावातून कल्याणच्या बाजाराला जाणारा टेम्पो म्हणजे आपल्यातल्या कितीतरी घरांची मिळकत. पॅड बदलून आणले आणि दुसऱ्याच दिवशी ब्रेक दाबल्यावर 'कीं…' आवाज आला, की वाटतं पैसे वाया गेले. मग कोणी सांगतं, "थोडं तेल सोडा, आवाज जाईल." ताई, हे कधीच करू नका.

आवाज कशाचा?
चाकाबरोबर लोखंडी डिस्क फिरते. पेडल दाबलं की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी घट्ट धरतात. या घासण्यानेच गाडी थांबते. घासताना पॅड थरथरला की आवाज येतो. तेल लागलं तर आवाज थांबेल, पण गाडी थांबणार नाही.

थोडे दिवस वाट पाहा
- नवे पॅड डिस्कवर नीट बसायला साधारण 200 ते 300 किलोमीटर लागतात. तोवर हलका आवाज चालतो. या काळात शक्यतो जोरात ब्रेक मारू नका, ओझं कमी ठेवा. पॅड तापून गुळगुळीत झाले तर आवाज कायमचा राहतो.
- पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो. चार-पाच वेळा ब्रेक लावला की तो निघतो.

आवाज गेला नाही तर मेकॅनिकला विचारा
1. डिस्क साफ केली का? तिच्यावर चरे पडलेत का?
2. पॅडच्या क्लिपा आणि पाठीमागची पातळ पत्री बसवली का?
3. कॅलिपरच्या पिना मोकळ्या सरकतात का? पिनांना ब्रेकचं खास ग्रीस लागतं. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला मात्र थेंबही नको.
4. आवाज मागून येतोय का? छोट्या टेम्पोला बहुतेक वेळा पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. पॅड पुढचे बदलले, पण मागच्या लायनरमध्ये धूळ असू शकते. ती फुंकू नका, छातीत जाते.

इथे गाडी लगेच उभी करा
लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर, गाडी एका बाजूला ओढणं, पेडल खोल जाणं, एकच चाक जास्त तापणं किंवा जळका वास येणं. यातलं एकही दिसलं तर माल उशिरा पोचला तरी चालेल, पण गाडी पुढे नेऊ नका.

पुढच्या बैठकीत
गटाच्या वहीत गाडीसाठी एक पान ठेवा. पॅड कधी बदलले, किती किलोमीटरवर, कोणते आणि किती रुपयांचे ते लिहा. पक्कं बिल आणि जुने पॅड मागून घ्या. जुना पॅड बैठकीत हातोहात फिरवा. एक बाजू जास्त झिजली असेल तर मेकॅनिकला तीच दाखवा. खर्च आपला आहे, तेव्हा विचारायला संकोच कशाला?