गंजलेला सायलेन्सर

पिकअप गाडीचा धूर सायलेन्सरच्या नळीतून मागे जातो. नळी सडली की तो खालून गाडीत शिरतो. या धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. म्हणून सडलेली नळी काढायलाच हवी.

पण ती सहज निघत नाही. तिचे नट तापतात, पाण्याने भिजतात आणि गंजून बसतात. आम्ही एकदा पान्याला लांब पाइप घालून जोर केला. झालं! बोल्टच तुटला. तासाभराचे काम दोन दिवस पुरले.

आधी इंजिन निवू द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. भक्कम घोड्या लावा. टेकलेल्या चाकांना दगड लावा. मग नटावर गंज सोडवणारे तेल सोडा. रात्रभर मुरू द्या. तेलकट नटाला जाळ दाखवू नका. जवळच टाकी असते. सकाळी रिंग पाना लावा. नट थोडा सैल करा, थोडा परत आवळा, पुन्हा सैल करा. नळी रबरी कड्यांत टांगलेली असते. कड्यांना साबणाचे पाणी लावा, म्हणजे त्या सरकतात. शेवटचा नट काढताना दुसऱ्या माणसाने नळी धरावी. ती चांगलीच जड असते.