माळ आणि कुळाचार



कीर्तन आटोपून आरती झाली, अबीर-बुक्का लावून मंडळी उठली, की दोन-चार माळकरी मागे रेंगाळतात. खेडे कोणतेही असो, प्रश्न बहुधा एकच असतो. "महाराज, माळ घातली, एकादशी धरली, वारी लागली. पण घरात कुळाचार आहे. चंपाषष्ठीला तळी भरावी लागते, लग्न झाले की गोंधळ घालावा लागतो, जत्रेला भावकीचा बकरा असतो. आता आम्ही कसे करावे?" एखादा तरुण जरा धीट असतो. तो म्हणतो, "देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडून मोकळे व्हावे काय?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. टाक नदीत सोडले तर घरातली म्हातारी आई डोळ्यांत पाणी आणते, कारण ते टाक तिच्या सासूने तिच्या हाती दिलेले असतात. बकऱ्याचा वाटा नाकारला तर भावकी अबोला धरते. आणि सारेच पूर्ववत चालू ठेवले तर माळेचे व्रत बुडते. म्हणून शास्त्र काय सांगते, संतांनी प्रत्यक्ष काय केले आणि आपण काय करावे, हे क्रमाने पाहू.

प्रथम पूर्वपक्ष मांडू. तो दोन तोंडांनी बोलतो. एक पक्ष म्हणतो, पांडुरंगावाचून वारकऱ्याला दुसरा देवच नाही, तेव्हा खंडोबा, भवानी, मरीआई, म्हसोबा सारे सोडा. या पक्षाला आधार नाही असे नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी अज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. तेथे घरचा देव कोपऱ्यात बसवून तिथी-वार पाहून देव बदलत हिंडणाऱ्या माणसाची त्यांनी चांगलीच हजेरी घेतली आहे. तुकोबारायांनीही नवसासायासाच्या देवभक्तीवर कठोर शब्द वापरले आहेत. दुसरा पक्ष म्हणतो, वाडवडिलांनी केले तेच आम्ही करणार, कुळाचारात रेसभर फरक केला तर देव कोपेल.

आता सिद्धांत. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंत सांगतात की, भक्त ज्या ज्या रूपाची श्रद्धेने पूजा करू इच्छितो, त्या त्या ठिकाणी त्याची श्रद्धा मीच दृढ करतो. नवव्या अध्यायात पुढची पायरी आहे. अन्य देवतांना भजणारेही मलाच भजतात, मात्र ते विधीला सोडून असते. ही दोन वचने एकत्र वाचावीत, बरे का. पहिल्या वचनाने ग्रामदैवताचा अपमान करण्याचा आपला अधिकार जातो. दुसऱ्याने चालले आहे ते सारे योग्यच आहे, असे म्हणण्याची सोय जाते. देव चुकलेला नसतो, रीत चुकलेली असू शकते.

याचा दृष्टांत श्रीमद्भागवताच्या दशमस्कंधात, चोविसाव्या अध्यायात आहे. व्रजातले गोप दरवर्षी इंद्राचा याग करीत. तो त्यांचा कुळाचारच. त्या वर्षी सामग्री जमा झाली होती. बाळकृष्णाने नंदबाबांना विचारले, हे कशासाठी, आणि हे शास्त्राने ठरलेले आहे की नुसते चालत आले आहे? मग त्याने सुचविले की आपण गाई चारणारी, रानात राहणारी माणसे. आपले पोट या गोवर्धनावर आणि गाईंवर आहे, तेव्हा त्यांची पूजा करू. येथे नीट लक्ष द्या. जमविलेली सामग्री फेकून द्या, असे कृष्ण म्हणाला नाही. इंद्रासाठी जे आणले आहे त्यानेच हे पूजन होऊ द्या, असे म्हणाला. खीर, अपूप, दूध असा नैवेद्य झाला, गाईंना चारा घातला, आणि अन्न सर्वांना, अगदी समाजाने दूर ठेवलेल्यांना आणि कुत्र्यांनाही वाटण्यास त्याने सांगितले. सण राहिला, जमलेले लोक राहिले, सामग्री राहिली. दिशा तेवढी बदलली. गावच्या रीतीशी धर्माने कसे वागावे याचा हा पहिला धडा होय.

हाच धडा आपल्या महाराष्ट्रात शांतिब्रह्म एकनाथमहाराजांनी गिरविला. नाथांचा काळ १५३३ ते १५९९. पैठणासारख्या शास्त्रीपंडितांच्या क्षेत्रात राहून त्यांनी भागवतावर टीका लिहिली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि त्याच लेखणीने सुमारे तीनशे भारुडे लिहिली. त्यांत बोलणारे कोण आहेत ते पाहा. पहाटे येणारा वासुदेव, भविष्य सांगणारा जोशी, देवीचा भुत्या, संबळ वाजविणारा गोंधळी, खंडोबाचा वाघ्या, त्याची मुरळी, जोहार घालणारा महार, पांगळा, आंधळा. जो ज्या दैवताच्या दारी उभा होता त्याला नाथांनी तेथून हाकलले नाही. त्याचा वेष, वाद्य, चाल, सारे तसेच ठेवले आणि त्याच्या तोंडी वेदान्त घातला. जोगवा तोच, पण परडीत मागायचे ते ज्ञान आणि भक्ती. नवस तोच, पण घालवायचे आहेत ते मनातले विकार. भवानीला नवस बोलणाऱ्या सुनेचे भारुड सर्वांना ठाऊक आहे. ती सून देवीला काय वाहीन म्हणते? रोडगा. गोवरीच्या आरावर भाजलेला कणकेचा रोडगा! नवसाच्या गाण्यात बकरा नाही. श्रोते हसतात त्या सासू-नणंदेच्या गमतीला. पण नाथांचे हे देणेही ध्यानात घ्यावे.

देवाणघेवाण एका बाजूने झालेली नाही. संप्रदायाने गावाला दिले तसे गावानेही संप्रदायाला दिले. माउलींची पालखी सासवड सोडून जेजुरीस येते, तेव्हा तिच्यावर भंडारा उधळतात, आणि ज्ञानोबा-तुकोबांच्या गजरात 'येळकोट'चा घोष मिसळतो. त्या पिवळ्या भंडाऱ्याने कुणाची तुळशीची माळ विटाळली असे आजवर ऐकिवात नाही. तुकोबारायांची पालखी बारामती सोडून काटेवाडीस येते. तेथे परीट समाजाची मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, आणि धनगर आपली मेंढरे पालखीभोवती पळवितात. तेच मेंढ्यांचे रिंगण. मेंढरांना रोगराई बाधू नये ही त्यांची श्रद्धा. हा विधी कोणत्या पोथीत नाही. तो त्या गावच्या लोकांच्या धंद्यातून उगवला आणि वारीने तो पोटात घेतला.

पंढरीतही तसेच आहे. विठ्ठलाच्या मस्तकी शिवलिंग आहे अशी संतांची धारणा आहे, म्हणून जुने वारकरी एकादशीबरोबर सोमवारही धरीत आले. नरहरी सोनारांच्या कथेचे मर्म तेच. ज्येष्ठ संशोधक रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी १९८४ साली 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा ग्रंथ लिहिला. धनगर-गोपाळांच्या विठ्ठल-बिरोबाशी पंढरीच्या देवाचे नाते त्यांनी त्यात दाखविले आहे. कोल्हापूरकडे पट्टणकोडोलीस आजही विठ्ठल-बिरोबाची मोठी जत्रा भरते. त्यांचे सारे म्हणणे सर्वांना मान्य होईल असे नाही; भाविकाला ते मान्य करण्याची सक्तीही नाही. पण रानात गुरे-मेंढरे राखणाऱ्यांचा देव आणि वेदान्त्यांचे परब्रह्म एकाच विटेवर उभे आहेत, यात कमीपणा कसला? गोकुळात गाई वळणाऱ्याचेच आपण भक्त ना?

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग सारेच गोड आहे, जे चालू आहे ते चालू द्या. नाही. गावची रीत नेहमी संतांच्या वळणाने गेली असे नाही. पुष्कळदा रीतच संतांवर वरचढ झाली, हेही सांगितले पाहिजे.

चोखोबारायांची समाधी महाद्वारी आहे. संतांनी त्यांना मिठी मारली, त्यांचे अभंग आपण नित्य गातो. पण मंदिराच्या दाराची रीत शतकानुशतके बदलली नाही. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा ते दार हरिजनांना उघडले. अभंग गाणारे आपण आणि दार अडविणारेही आपलेच, हे विसरू नये. तसेच मुरळीचे. नाथांनी मुरळीच्या गाण्याला परमार्थाचा अर्थ दिला. पण म्हणून लहान मुलगी देवाला वाहण्याची चाल पवित्र ठरत नाही. ती चाल बंद करण्यासाठी १९३४ साली मुंबई इलाख्यात आणि पुन्हा २००५ साली महाराष्ट्रात कायदा करावा लागला. गाण्याला आध्यात्मिक अर्थ लागला म्हणजे चालीतले पाप धुतले जात नाही.

आता बकऱ्याचा प्रश्न. भागवताच्या चतुर्थस्कंधात प्राचीनबर्ही राजाची कथा आहे. त्याने यज्ञांमागून यज्ञ केले. नारदांनी त्याला योगबलाने आकाशाकडे पाहावयास लावले. तेथे त्याने यज्ञात मारलेले सहस्रावधी पशू त्याची वाट पाहत उभे होते, लोखंडी शिंगांनी त्याला फाडण्यासाठी! माउलींनीही तेराव्या अध्यायात अहिंसा सांगताना, अवर्षण टळावे म्हणून पशुयाग करण्याचा विचार खोडून काढला आहे. झाडाच्याच फांद्या तोडून त्याच्या बुंध्याला कुंपण घालावे, तसे ते आहे म्हणतात. वेदविहित यज्ञातल्या हिंसेविषयी माउली जेथे असे बोलतात, तेथे जत्रेतल्या बकऱ्याची वकिली कोण करणार? आणि आपल्या जवळच्या काळात गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) खेडोपाडी हातात खापर व झाडू घेऊन हेच सांगितले. देवाच्या नावाने मुके जनावर मारू नका आणि ऋण काढून सण करू नका. त्यांची भाषा शास्त्र्याची नव्हती, पण सिद्धांत तोच होता.

तेव्हा निर्णय असा. कोणताही कुळाचार समोर आला की तीन गोष्टी पाहाव्यात. त्याने कोणाचा जीव दुखावतो काय? त्याने कोणी माणूस दूर लोटला जातो काय? आणि त्यात देवाचे नाव घ्यावयास जागा आहे काय? पहिल्या दोहोंचे उत्तर 'नाही' आणि तिसऱ्याचे 'आहे' असेल तर तो आचार खुशाल चालवावा. त्याने माळेला बाध येत नाही.

टाक नदीत सोडू नयेत. विठ्ठल-रखुमाईच्या तसबिरीशेजारी तेही असू द्यावेत. आईच्या हयातीत तर त्यांना हात लावू नये, आणि तिच्यामागे तिची आठवण म्हणून ठेवावेत. चंपाषष्ठीला तळी अवश्य भरावी, खोबरे-भंडारा उधळावा. त्या दिवशी खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा हाच नैवेद्य जुना आहे. लग्नात गोंधळ घालावा; दिवटी पेटवून संबळाच्या तालावर गोंधळी रात्र जागवितो, ते जागरण हरिजागराचेच भावंड आहे. त्याला दक्षिणा देताना घासाघीस करू नये, ती त्याची भाकर आहे. आणि घरच्या सुनेला शंका आली तर तिला दटावू नये. रीत कशासाठी आहे हे तिला समजेल असे सांगता आले पाहिजे, नाहीतर आपल्यालाच ती समजलेली नाही.

बकऱ्यात मात्र वाटा घेऊ नये. तसे भावकीला जत्रेच्या आधीच, चार वडीलधाऱ्यांसमोर नम्रपणे सांगावे. ऐन वेळी, पंक्तीत, तावातावाने सांगू नये. "अण्णा, माझा वाटा मी नारळ, गूळ आणि पुरणाच्या डाळीत देतो, देवळाची झाडलोट आणि पाणी भरणे माझ्याकडे," असे म्हणून पाहावे. वर्गणी चुकवायची म्हणून हा माळेचे निमित्त करतो, असे कोणाला वाटू देऊ नये. पुष्कळ घरांतून बकऱ्याऐवजी कोहळा कापण्याचा प्रघात आहेच; तो भावकीने घेतला तर फारच उत्तम. नाही घेतला तरी देवीच्या दर्शनाला जावे, भावाच्या दारी जावे, त्याच्या दुखण्याखुपण्याला उभे राहावे. आपल्या संतमालिकेत सजन कसायाचे नाव आहे, हे लक्षात ठेवावे. माळ आपल्या जिभेला आवर घालण्यासाठी असते, भावाला हिणविण्यासाठी नव्हे.

असे दोन-चार वर्षे शांतपणे चालले, की भावकीतलाच एखादा पोरगा पुढच्या जत्रेत तुमच्या पुरणाच्या पंक्तीला येऊन बसेल. त्याला जागा करून द्यावी आणि काही न बोलता वाढावे.

अस्तु. रामकृष्णहरि.